एव्रार वासचा सपाट रस्ता

एव्रार वासने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या फेकाँ गावामागच्या पठारावर जितके गोठे होते, तितक्या सगळ्यांच्या अंगणात त्याची चाकं फिरलेली. तो निवृत्त झाला तेव्हा डेअरीतल्या सोबत्यांनी त्याला सायकल भेट दिली. खरं तर त्याला आरामखुर्ची हवी होती, आणि वर्षभर आधीपासून तो तसं आडून आडून सुचवतही होता. पण सोबत्यांनी एकदा त्याच्या पोटाकडे बघितलं आणि आपसात ठरवून टाकलं.

सायकल निळी, हलकी, अठरा की वीस गिअरची. पहिले चार महिने एव्रारने ती गॅरेजमध्ये उभी करून आल्यागेल्याला दाखवली. शेवटी त्याची बायको सोलांज म्हणाली, "एक तर तू तिच्यावर बस, नाहीतर मी बसते. उगाच जागा अडवून राहिलीय."

म्हणून तो आपल्या गावातल्या, ब्रेतमेनिलच्या सायकल क्लबात गेला. क्लबात चौदा माणसं, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. अध्यक्ष मादाम फ्रेबूर. चाळीस वर्षं गावात औषधाचं दुकान चालवल्यामुळे कुणाला काय दुखणं आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सभेत त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. रविवारी क्लबाबरोबर एव्रार पहिल्या चौकापर्यंत जायचा, तिथे त्याचा गुडघा दुखायला लागायचा आणि तो बेकरीच्या रस्त्याने घरी परतायचा. हे सगळं तो आता स्वतःच सांगतो, आणि गुडघा कोणता ते दर रविवारी बदलायचं, हेही सांगतो.

जानेवारीतल्या सभेत जूनच्या फेरीचा विषय निघाला. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी आसपासच्या गावांतले लोक या फेरीला येतात. रस्ता आखणारा माणूस मुलीकडे रुआँला राहायला गेला होता. आता कोण आखणार, असं मादाम फ्रेबूरांनी विचारलं आणि एव्रारचा हात वर गेला. का गेला, ते त्याला आजही सांगता येत नाही. सभेत वाइन चांगली होती, एवढं आठवतं.

"इथला एकेक दगड मला ओळखतो," तो म्हणाला. "साठ किलोमीटरचा रस्ता देतो. समुद्राच्या कडेकडेने. एकदम सपाट."

"सपाट?" मादाम फ्रेबूरांनी चष्म्यावरून बघितलं.

"एकतीस वर्षं गेलोय त्या रस्त्यांवरून. एक चढ आठवत नाही मला."

"तुम्हाला नसेल आठवत. टँकरला विचारलंत का?"

सगळे हसले. एव्रारही हसला, कारण बाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि पेन्सिल चालवली. हात असा भराभर चालला की त्यालाच आपलं कौतुक वाटलं. अर्ध्या तासात काम झालं. सोलांज म्हणाली, "एकदा सायकलवरून फिरून तरी ये." तो म्हणाला, "डोळे मिटून सांगतो मी." जूनमध्ये वाटेवर दिशेचे बाण लावायलाही तो गाडीनेच गेला; वळणाशी बाण ठोकायचा आणि आत न वळता पुढे निघायचा. गाडीतून रस्ता पुन्हा सपाटच निघाला. फेरीच्या पत्रकावर त्याने मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'आजी-आजोबांनाही झेपेल असा'.

त्या रविवारी त्रेचाळीस जण जमले. हवा स्वच्छ होती, जवसाची शेतं निळ्या फुलांनी भरून गेली होती. पहिले सात किलोमीटर खरंच सपाट होते. एव्रार सगळ्यांच्या पुढे, पाठ ताठ, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. मग रस्ता पठार सोडून घळीत उतरला. सायकली वाऱ्यासारख्या सुटल्या. पांढऱ्या कड्यांच्या मधून समुद्र दिसला, गोटे धुणाऱ्या लाटांचा आवाज आला, आणि लगेच रस्ता वळून पलीकडच्या पठारावर चढायला लागला.

आपल्याकडच्या प्रत्येक घळीला दोन बाजू असतात, हे एव्रारला त्या सकाळी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

पहिला चढ त्याने लोकलाजेने काढला. दुसऱ्या चढावर सगळे गिअर संपले, तरी तो आणखी एक गिअर शोधत राहिला. तिसऱ्या चढावर तो खाली उतरला आणि सायकल ढकलायला लागला. मागून कुणी आलं की थांबून जवसाच्या शेताकडे निरखून बघायचा, जणू पिकाची पाहणीच करायला पाठवलंय.

"काय एव्रार, पीक कसं आहे?" बाजूने जाताना एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बरं आहे," एव्रार म्हणाला. त्याहून लांब वाक्य बोलायला छातीत हवा नव्हती.

"अशी आजी कुठे मिळते हो?" मागची बाई म्हणाली. "पत्रकातली. मला बघायचीय तिला."

तिसऱ्या चढाच्या माथ्यावर बाण उजवीकडे वळत होता. उंच झाडांच्या रांगेतून आत जाऊन रस्ता थेट एका शेतघराच्या अंगणात संपत होता. एव्रार धापा टाकत पोचला तेव्हा सगळे जण तिथे विहिरीभोवती गोल गोल फिरत होते, आणि कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळत होत्या.

"इथून पुढे कुठे?" कुणीतरी ओरडलं.

पुढे कुठेच नव्हतं. वळून परत बाहेर यायचं होतं. टँकर नेहमी असाच वळायचा.

दार उघडून शेतघराच्या मालकीण मादाम लोर्मेल बाहेर आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पायात रबरी बूट. त्यांनी गर्दी बघितली, मग गर्दीत घामाने निथळणारा एव्रार बघितला.

"उशीर केलास रे," त्या म्हणाल्या. "गाई विकून अकरा वर्षं झाली."

आपण इथे का आलोय, हे एव्रारलाच कळत नव्हतं. मादाम फ्रेबूरांनी सायकल भिंतीला टेकवली, खिशातून नकाशा काढला आणि विहिरीच्या कठड्यावर पसरला. त्यांचं बोट रेषेवरून फिरलं.

"पुढचं वळण कुठे? देलामारांच्या गोठ्यात?"

"हो."

"त्याच्यापुढे जुनी गिरणी, मग टेकाडावरचं ते लाल घर?"

"हो. पण तिथेही गाई..." एव्रार थांबला.

"सायकलचा रस्ता नाही आखलात तुम्ही," मादाम फ्रेबूर म्हणाल्या. "दुधाची फेरी आखलीत."

एव्रारने नकाशावर वाकून बघितलं. खरंच होतं. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं जसंच्या तसं. पेन्सिल इतकी भराभर का चालली, ते आता कळलं. आपल्याला रस्ते आखता येतात असं समजून आपण पाच महिने गावभर मिरवलो, आणि हाताला फक्त जुन्या नोकरीवर जाता येत होतं.

तंग कपडे घातलेला एक शहरी गृहस्थ पुढे आला. "आम्ही सायकल चालवायला आलोय, गोठे मोजायला नाही."

"बरोबर आहे तुमचं," एव्रार म्हणाला. "चूक माझी. इथून डावीकडे मोठा रस्ता लागेल, वीस मिनिटांत ब्रेतमेनिल. सपाट आहे." मग थांबून म्हणाला, "म्हणजे, मला सपाट वाटतो. मादाम फ्रेबूरांना विचारा."

तो गृहस्थ आणि आणखी पाच जण निघून गेले. उरलेल्यांना मादाम लोर्मेलनी बसवलं. ब्रेड, लोणी, आणि तळघरातली सफरचंदाची दारू आली. मोकळ्या पडलेल्या दूधखोलीत बाक होते. तिथे बसून त्या विचारत राहिल्या, तू कुणाचा, तुझी आई कुठली. दोघंतिघं त्यांच्या ओळखीच्या घरांतले निघाले. एव्रार दाराशी उभा होता. पूर्वी तो इथे पाच मिनिटं थांबायचा, टँकरचा पाइप लावायचा, काढायचा, 'येतो' म्हणायचा. इतक्या वर्षांत या खोलीत तो एकदाही बसला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला त्याचंही वाईट वाटलं.

निघताना एव्रारने सगळ्यांना मोठ्या रस्त्याने परत न्यायचं ठरवलं, पण कुणी ऐकेना.

"पुढचा गोठा कुठला?" पत्रकातली आजी शोधणारी बाई म्हणाली. "आता बघूनच जाऊ."

देलामारांच्या गोठ्याचं आता सुट्टीतल्या पाहुण्यांचं घर झालं होतं. पॅरिसचं एक कुटुंब अंगणात झोपेच्या कपड्यांवर कॉफी पीत होतं, आणि सदतीस सायकली त्यांच्या टेबलाला वळसा घालून, 'सुप्रभात' म्हणून बाहेर पडल्या. लाल घरात कुणीच नव्हतं, फक्त कुत्रा होता, आणि त्या कुत्र्यामुळे एव्रारने एक चढ मात्र न थांबता काढला.

एकूण चढ सात. एव्रार ब्रेतमेनिलला सगळ्यांत शेवटी पोचला तेव्हा क्लबाचं जेवण उरकलं होतं, टेबलावर बिटाचं सॅलड तेवढं उरलं होतं. बीट त्याला आवडत नाही. त्याने ते बशीभर खाल्लं.

पुढच्या सभेत त्याने काम सोडतो म्हणून सांगितलं. मादाम फ्रेबूर म्हणाल्या, "सोडू नका. फक्त यापुढे जो रस्ता आखाल, त्यावरून आधी दोनदा सायकलने जायचं. मी सोबत येईन." त्या आल्या, दर मंगळवारी, आणि चढावर त्याच्या पुढे जाऊन माथ्यावर शांतपणे वाट बघत राहिल्या. हिवाळाभरात एव्रारचं पोट थोडं उतरलं. गुडघ्यांबद्दल विचारायचं मादाम फ्रेबूरांनी स्वतःच बंद केलं.

नव्या वर्षी त्याने समुद्रापासून आतल्या बाजूचा, खरोखरच सोपा रस्ता आखला. दोनदा जाऊन बघितला. पत्रकं छापायला जाणार, त्याच्या आदल्या दिवशी फोन वाजला.

"लोर्मेल बोलतेय. यंदा किती जण? बेकरीत ब्रेड सांगायचाय."

एव्रारने टेबलावरच्या नव्या नकाशाकडे बघितलं. मग सोलांजकडे. सोलांजने भांडी पुसत होकारार्थी मान डोलावली.

"पन्नास धरा, मादाम," तो म्हणाला.

त्याने नवा नकाशा घडी करून कपाटात टाकला आणि पत्रकाचा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. 'साठ किलोमीटर. सात चढ. एक कुत्रा. रस्ता आखणाऱ्याने यातले चार चढ सायकलवर बसून काढले आहेत, बाकीच्यांवर तो जवसाची पाहणी करताना भेटेल.'

मादाम फ्रेबूरांनी ते वाचलं, चाराचे तीन केले आणि छापायला पाठवलं.