पृथ्वीची थरथर

आईला सांभाळणारी बाई त्या दिवशी आली नाही, म्हणून मी आईला सोबत वेधशाळेत घेऊन गेले. हल्ली तिला मी कोण ते आठवत नाही. रात्रभर तिच्यासाठी उठबस करून माझं अंग मोडून आलं होतं. तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मी संगणकाच्या पडद्यासमोर बसले.

पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणं हे आमचं काम. एरवी संथ असणारी पडद्यावरची रेघ त्या सकाळी सावकाश वरखाली होत होती. सूर्याकडून कणांचा एक वारा सतत येत असतो. तो जोरात असला की पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र थरथरतं, त्याच्या रेषा छेडलेल्या तारांसारख्या हलत राहतात. एकेका हेलकाव्याला काही मिनिटं लागतात. आपण त्यातच चहा पितो, भाजी निवडतो, आणि आपल्याला काहीच जाणवत नाही.

आई टक लावून रेघेकडे बघत होती.

“कुणाचं गं हे? दवाखान्यातलं?”

“पृथ्वीचं आहे, आई.”

“बरं नाही वाटतं तिला.”

“तसं नाही गं. बाहेरचा वारा लागतो, म्हणून हलते. वारा पडला की होईल शांत.”

हे मी शेकडो पाहुण्यांना सांगितलंय. त्या दिवशी मात्र सांगता सांगता मी डोळे मिटून घेतले.

आईने माझ्या केसांवरून हात फिरवला. “तुझी आई कुठे असते? तिला सांग, पोरगी फार दमलीय म्हणावं.”

“सांगते,” मी म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.