उंबरा नसलेलं अमेरिकन घर

मी घराला उंबरा बसवला नाही. तिघांनी सांगितलं, तरी बसवला नाही.

पुढचं वाचून तुम्ही मला अंधश्रद्धाळू म्हणाल, म्हणून आधीच सांगतो — आमच्या घरात लिंबू-मिरची टांगणं, नारळ फोडणं आजोबांच्या काळातच बंद झालं. सकाळी बुद्धवंदना आणि मग दिवसभर वडिलांची, म्हणजे आबांची, उलटतपासणी. आबा साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेत. उसाचा रस तपासता तपासता त्यांना माणसं तपासायची सवय लागली. कुणी भूत दिसलं म्हणालं की विचारतात, "किती वाजता? किती फुटांवरनं? चष्मा व्हता का?" अशा घरातला मी. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

बारामती एमआयडीसीत माझी नोकरी, आणि अकरा वर्षं बारामतीतच भाड्याच्या दोन खोल्या. बायकोचं, म्हणजे रेखाचं, एकच मागणं होतं — स्वतःचं घर. तिथून जवळच कळंबला आबांची थोडी जमीन आहे, तिथं बांधायचं ठरलं. आणि नेमका तेव्हाच मला मोबाईलवर अमेरिकेतली छोटी घरं बघायचा नाद लागला.

काय घरं हो! एक बसकं, लांबुळकं, जमिनीला अंग टेकून पहुडलेलं. एक लाल विटांचं, पांढऱ्या खिडक्यांचं, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं नीटनेटकं. एकाला निळ्या फळ्या, उतरतं छप्पर आणि छपरातून डोकावणारी इवलीशी खिडकी. एकाला पुढं खोल पोर्च, त्याला खाली जाड आणि वर निमुळते होत गेलेले खांब. सगळी आठशे-नऊशे स्क्वेअर फुटांची! आमच्याकडं पैसा आला की माणूस तीन मजले चढवतो, गेटवर दोन सिंह बसवतो आणि स्वतः मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतो, कारण तिथं वारं लागतं. ही घरं तशी नव्हती. राहणाऱ्याच्या मापाची होती. बघितलं की वाटायचं, आत कुणीतरी चहा टाकलाय.

मला एकच निवडता येईना. म्हणून छप्पर एकाचं, पोर्च दुसऱ्याचं, खिडकी तिसऱ्याची असा काला केला. छपराचा उतार बघून मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, हितं बर्फ पडतोय व्हय?"

मग दाराची चौकट आली. फोटोतल्या एकाही दाराला उंबरा दिसेना. पोर्चची फरशी सरळ हॉलमध्ये जात होती. मी म्हटलं, आपलंही तसंच.

मिस्त्री थांबला. "उंबरा न्हाय तर घराला आत कुठलं नि भाईर कुठलं कळायचं कसं?"

"घराला काय कळायचंय?" आबा म्हणाले. "पर विंचू येतो, उंदीर येतो, पावसाचं पाणी येतं. बसव गुमान."

"बसवा की वो," रेखा म्हणाली. मी तिघांनाही मोबाईलमधला फोटो दाखवला आणि विषय संपवला.

राहायला गेलो. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या तिघांच्या चपला, ज्या पोर्चमध्ये काढल्या होत्या, त्या हॉलमध्ये भिंतीला लावून ओळीनं ठेवलेल्या सापडल्या. रेखानं माझ्याकडं बघितलं.

इथं माझी खरी अडचण सांगायला हवी. माझी ख्याती वाईट आहे. कंपनीच्या पार्किंगमध्ये लोकांची हेल्मेटं अदलाबदल करणारा मीच. आबांचा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवणाराही मीच. त्यामुळे मी "शपथ, मी नाही" म्हणालो की लोक आधीच हसायला लागतात.

दोन दिवसांनी रेखा ओट्यावर कुकर लावून पीठ मळत होती. शिट्टी का होत नाही म्हणून वळून बघते तर गॅस चालू आणि वर कुकरच नाही. तो पोर्चच्या कठड्यावर, फुसफुसत! मी तेव्हा बाथरूममध्ये होतो. डोक्याला साबण.

"बाथरूममधनं आलात, कुकर ठिवलात नि परत गेलात!"

"अगं, उघडा?"

"तुमचा काय भरवसा?"

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे, मी कामावर गेलो की काहीही घडायचं नाही. घर एकदम सभ्य. मी आलो की सुरू. माझ्याविरुद्धचा पुरावा घर स्वतः गोळा करत होतं. मी मोबाईल पोर्चच्या कठड्यावर उभा केला, चपलांवर रोखून रेकॉर्डिंग लावलं. चाळीस मिनिटं नुसत्या चपला. आणि मग एकदम... आमचा हॉलचा पंखा. मोबाईल जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता. ना कुणाचा हात दिसला, ना हलल्याचं दिसलं.

रेखानं व्हिडिओ बघितला आणि शांतपणे म्हणाली, "बारामतीच्या खोल्या अजून रिकाम्याच हायत. मालकीणबाई महिनाअखेरपतोर थांबत्यात. आणिक एकदा असलं केलंत तर मी तिकडं चालले. आबांना घिऊन."

माझ्या वडिलांना घेऊन! आबा फक्त म्हणाले, "रविवारी प्रयोग करू."

रविवारी सकाळी अकरा. आबा पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. हॉलमध्ये सोफ्यावर मी आणि रेखा. पोलिसानं चोराचं धरावं तसं तिनं माझं मनगट धरलं होतं. दार सताड उघडं. समोर आबा, पाठमोरे. मी मनात घराला म्हणत होतो — बाबा रे, आज तरी काहीतरी कर, नाहीतर संसार गेला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. आम्ही दोघांनी वर बघितलं... आणि खाली बघितलं.

आबा आमच्यापासून चार फुटांवर बसले होते. हॉलमध्ये. खुर्चीसकट. आता तोंड आमच्याकडं, हातात तोच पेपर. आणि पायात चपला. जो माणूस उभ्या आयुष्यात चप्पल घालून घरात आला नाही, त्याच्या पायात चपला.

मी विचारलं, "आबा, तुम्ही आत कधी आलात?"

त्यांनी मान वर केली. भिंत बघितली, आम्हाला बघितलं, पायाकडं बघितलं. "मी कुटं आलो? मी हितंच हाय. घरच आलं आसंल."

मग त्यांनी पेपरची बारीक घडी घातली. "माझ्या वहीत लिहून घे. अकरा वाजून दहा मिनटं. लाईट गेली तवा."

"आणि कारण?"

"कारणाची जागा मोकळी सोड."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून सागवानी उंबरा बसवला. त्यानंतर काही झालं नाही. पण आबा ते आबाच. महिन्यानं त्यांनी उंबरा पुन्हा काढायला लावला, खातरजमा करायला. पंधरा दिवस रोज चपला, कुकर, खुर्ची तपासली... काहीही हललं नाही! मग कशानं थांबलं? उंबऱ्यानं म्हणावं तर उंबरा काढल्यावर परत सुरू का नाही? मी तर वैतागून एकदा चपलांना हात जोडून म्हटलं, जरा सरका. छे! उंबरा परत बसवून टाकला, निदान विंचवासाठी. आबांच्या वहीतली ती जागा अजून मोकळीच आहे.

रेखानं मात्र त्या रविवारीच संध्याकाळी बारामतीला फोन लावला होता. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "खोल्या द्या कुणालाबी. आमी न्हाय येत."

मी चकित. माझी बायको केवढी धीराची, असं मला वाटलं. जवळ जाऊन विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

ती गवार मोडत होती. वर न बघताच म्हणाली, "भुताला भिऊन मी घर सोडणार न्हवतेच. तुमाला कटाळून सोडणार व्हते."