मिलमधून बोला

१३ जानेवारी २००९, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी नव्या हार्ड डिस्कचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण रिकाम्या डिस्कवर सगळे नव्याने बसवताना संगणक तारीख आणि वेळ विचारतो आणि ती मी हाताने भरली होती. आवाज दोन प्रकारचा होता. एक बारीक आणि अखंड, दूर कुठेतरी कोणी सुरीला धार लावत असावे तसा. दुसरा अधूनमधून येणारा, अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा. जुनी डिस्क चार वर्षे चालली होती आणि तिचा आवाज मला एकदाही आठवत नव्हता. मी लगेच निष्कर्ष काढला: नवी डिस्क सदोष आहे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून गोंदियातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होते. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत लोखंडी पेटीवर माझा संगणक आणि त्याच खोलीत आईची खाट. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे राइस मिल. बाबा त्या मिलमध्ये रात्रपाळीला मिस्त्री होते. माझ्या जन्माआधीपासून ती मिल दिवसरात्र चालत आली होती. पावसाळ्यातले काही आठवडे काय ते बंद राहत असे.

डिसेंबरात मालकाने मिल विकली. जागा एकाने घेतली, यंत्रे राजनांदगावकडच्या एका गिरणीवाल्याने. यंत्रे घेणाऱ्याने अट घातली की, ज्याच्या हाताला ही यंत्रे सरावलेली आहेत तो माणूसही सोबत हवा. बाबांच्या वयाला नवे काम शोधणे अवघड होते, ते गेले. "मोटरसंगं पट्टा देतेत, तसा मले देला," असे ट्रकमध्ये चढताना ते म्हणाले आणि स्वतःच हसले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी जुनी डिस्क जळाली. तीन आठवड्यांत तीन गोष्टी घडल्या होत्या. पण त्या एका ओळीत मांडून पाहण्याचे तेव्हा मला सुचले नाही.

आईची झोप उडाली होती. अंगणवाडीतली मुले सांभाळून ती दुपारी घरी येई तेव्हा तिचे डोळे लाल असत, आणि चहा उकळताना ती भिंतीला टेकून उभी राही. आधी तिने थंडीला दोष दिला. डिस्क आल्यावर तिला ठोस कारण मिळाले. इंटरनेट तेव्हा मध्यरात्रीनंतर फुकट असे, म्हणून शोधनिबंध उतरवून घ्यायला मी संगणक रात्रभर चालू ठेवी, आणि तो आईच्या उशापासून चार हातांवर होता.

"काय बसवलं म्हन्ते त्यात?" तिने विचारले.

"हार्ड डिस्क."

"हाडच म्हना. मोडलेली देली असन त्यानं, म्हनून कटकट वाजून राहिली."

"आई, हाड नाही गं. हार्ड."

"ज्याचं हाड असन त्याचं असन. इतवारपर्यंत गप कर. नाही तं पेटीसकट बाहेर ठेवीन."

ही धमकी पोकळ नव्हती. आई न झोपता आणखी किती दिवस काढणार, हा प्रश्न मलाही छळत होता. खरे तर त्या आठवड्यात घरात दुसरा प्रश्नच नव्हता.

बाजारातल्या दुकानदाराने डिस्क जोडून कान लावला. बाहेर जनरेटर धडधडत होता. "मैडम, ये तो कुछ बोल ही नहीं रही," तो म्हणाला.

"घर पे बोलती है."

"नई है न. नई बहू और नई डिस्क, पंद्रह दिन में घर के हिसाब से सेट हो जाती है."

"बहू की वारंटी कितने साल की देते हो?"

शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक हसले. दुकानदारही हसला आणि म्हणाला, "बहू की कौन देगा? डिस्क की तीन साल." त्याने वाद न घालता दुसरी डिस्क दिली. तीही घरी येऊन तशीच वाजली. दोन वेगवेगळ्या डिस्कमध्ये तंतोतंत तोच दोष असण्याची शक्यता कमी असते, इतपत मला कळत होते. मग मी मोजायचे ठरवले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आवाजाची पातळी मोजणारा एक मीटर होता. विभागप्रमुखांना विचारून मी तो दहा दिवसांसाठी घरी आणला. आईच्या उशीवर ठेवून पहिले मोजमाप घेतले: चव्वेचाळीस डेसिबल. संगणक खाली उतरवून घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला तेव्हा अडतीस. म्हणजे निम्मा दोष पेटीचा होता. आतून पोकळ असलेली ती पेटी ढोलकीचे काम करत होती. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि डिस्क स्क्रूने आवळण्याऐवजी रबराच्या पाळण्यात टांगली, म्हणजे तिचा थरथराट पत्र्यापर्यंत पोचणार नाही. तेहतीस. संगणक पूर्ण बंद केला तेव्हा मीटरवर अंकच आला नाही. फक्त 'लो' अशी खूण आली, कारण तिसाच्या खालचे तो मोजत नव्हता.

अकरा डेसिबलची घट मी वर्गात शिकवते तशी आईला समजावून सांगितली. तिने रबराचा पाळणा वाकून पाहिला. "बारश्याले कोनाले बोलावशील?" म्हणाली, पण खूश दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना आटोपून ती चुलीजवळ बसली होती. मी मोठ्या अपेक्षेने विचारले, "लागली झोप?"

"नाही."

"आता कशाचा आवाज येतो?"

"कशाचाच नाही," ती म्हणाली. "तेच तं. काल थो कुरकुरे तं वाटे, कोनी हाय जागं. आज तं काहीच नाही."

माझ्या मोजमापात चूक नव्हती. प्रश्न चुकीचा होता. जुनी डिस्क मुकी नव्हती. तीही अशीच वाजत असणार, पण भिंतीपलीकडून येणाऱ्या मिलच्या घरघरीत ती बुडून जात होती. नवी डिस्क वाजू लागली नव्हती, घर गप झाले होते. हे लक्षात आल्यावर मी मागचे दार उघडून बोळात उभी राहिले. शेडचे पत्रे काढून नेले होते. यंत्रांच्या जागी जमिनीत बोल्टांची भोके राहिली होती आणि सांडलेल्या कोंड्यावर पारवे चरत होते. कोंड्याचा उबट, किंचित आंबूस वास अजून होता. पाळी बदलताना मिल थोडा वेळ थांबायची आणि त्या अचानक शांततेत बाबांच्या चपला बोळातून वाजत यायच्या, हे मला तिथे इतके स्पष्ट ऐकू आले की मी दाराकडे पाहिले.

तरीही एक अडचण उरत होती. पावसाळ्यात मिल बंद असे तेव्हा आई व्यवस्थित झोपे. मग आवाज नसल्याने झोप उडते, हे कसे म्हणायचे? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असतील तर परिणाम कोणाचा, हे ठरवता येत नाही. मी आईलाच विचारले. ती तांदूळ निवडत होती.

"पावसारीत तं तुये बाबा घरीच राहेत," ती सुपावरून मान न उचलता म्हणाली. "बाकी टायमाले राती मिल चालू हाय म्हंजे ते तेथी हायेत. बंद झाली म्हंजे हात धुऊन येऊन राहिले. आता कोठी हायेत, काय करून राहिले, मले कसं समजन?" थोडा वेळ खडे वेचून झाल्यावर तिने विचारले, "तुया कम्प्युटरात मिलचा आवाज नाही का गं?"

होता. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत चर्चासत्रांचा सराव म्हणून मी माझीच भाषणे रेकॉर्ड करत असे आणि त्या प्रत्येकामागे मिल चालू होती. मूळ रेकॉर्डिंगे जुन्या डिस्कवर होती. ती डिस्क दुकानदाराने नागपूरला पाठवून पाहिली होती. काही निघत नाही, असा निरोप आला होता. सीडीवर मात्र प्रती होत्या. आईने ऐकायचा हट्ट धरला. मी सीडी लावली. खोलीत माझा स्वच्छ, घाईचा आवाज अर्धवाहकांविषयी बोलू लागला.

आईने मिनिटभर ऐकले. "तूच बोलून राहिली. मिल कोठी हाय?"

"काढली."

"काढली म्हंजे?"

"मागची घरघर गाळून टाकता येते. ती गाळून मगच प्रत केली."

"कायले?"

उत्तर सोपे होते: भाषण नीट ऐकू यावे म्हणून. ते मी दिलेही. आईने मान हलवली आणि सूप उचलले. मी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागांना कान देऊन. चाळणीतून काहीतरी निसटले असेल, अशी मला आशा होती. माझा श्वास तेवढा होता.

बाबांचा फोन रोज संध्याकाळी आठला येई. ते त्यासाठी मिलबाहेर रस्त्यावर जात, कारण आत ऐकू येत नसे. त्या संध्याकाळी जेवणखाण, थंडी, पगार असे नेहमीचे बोलणे झाल्यावर आई म्हणाली, "उद्या मिलमधून बोला."

"अवो, आत काही आयकू येत नाही."

"मले काही आयकाचं नाही. मिलमधून बोला म्हन्लं ना."

बाबांनी फोन मला द्यायला सांगितला. मग मला म्हणाले, "तुयी आई बरी हाय ना, माय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून फोन लावला आणि समजूतदारपणे गप्प उभे राहिले. आईला काहीच ऐकू आले नाही. एक खरखर, मग पोकळी, पुन्हा खरखर. दोष कोणाचाच नव्हता. मोबाइलला सतत येणारा आवाज निरुपयोगी वाटतो आणि तो त्याला कापतो. माणूस बोलला की मगच वाट उघडतो. सीडीसाठी मी जे केले होते तेच तो करत होता. मी बाबांना बाहेर बोलावले आणि सांगितले की तुम्ही बोलत राहिलात तरच तुमच्यामागून मिल इकडे येईल.

"बोलू काय पन?"

"काहीही बोला, बाबा."

"काहीही म्हंजे काय? मले का भासन येते?"

"जे दिसते ते सांगा."

ते आत गेले. "हा मोटर," ते ओरडून म्हणाले. "हा पट्टा. पट्टा जरा ढिला हाय, उद्या आवरतो. हा पॉलिशर, आपलाच हाय, थोच. एक हमाल पोत्यावर झोपून राहिला. एवढ्या आवाजात कसा झोपते, बाप्पा." त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे ती घरघर येत होती. लहान, पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखी, कडा कापलेली, तरी तीच. आई खाटेच्या काठावर बसली होती. फोन माझ्याकडून घेऊन तिने दोन्ही हातांनी धरला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

त्या दिवसापासून आई झोपू लागली. आधी अर्धी रात्र, मग पूर्ण. माझी डिस्क तिच्या पाळण्यात कुरकुरत राहिली आणि तिच्याविषयी पुन्हा कोणी तक्रार केली नाही. त्याच संगणकावर अभ्यास करून मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गोंदिया सोडले. ज्या प्रयोगशाळेत मी आता काम करते तिथे उपकरणांना थरथर लागू नये म्हणून जमीनसुद्धा वेगळी बांधलेली आहे. आई फोनवर विचारते, तुया इकडं कायचा आवाज? मी सांगते, कशाचाच नाही. मग ती म्हणते, मंग तू बोलत राहा.

महाविद्यालयाचा मीटर परत करायच्या आदल्या संध्याकाळी, आठ वाजून काही मिनिटांनी, मी तो आईसमोर धरला आणि फोन घटकाभर मागितला. बाबा पलीकडे धानाच्या पोत्यांविषयी बोलत होते. फोनचा कान मीटरला टेकवला. ते बोलत तेव्हा अंक चढे, दम घेत तेव्हा उतरे, आणि उतरताना दर वेळी थोडा रेंगाळे. तेवढ्यात मिल असे. डिस्कचा चव्वेचाळीस आकडा मनात ठेवून मी तो रेंगाळणारा अंक वाचण्यासाठी वाकले.

"झालं का? दे आता इकडं," आई हात पुढे करून म्हणाली.

एक्कावन्न.