कोळशाच्या मोटारीवरची तानुबाई

पसरणीच्या तानुबाईला मोटारीचं भय कधी वाटलं नव्हतं. तिचा नवरा आकाराम वाई ते पाचगणी मोटार हाकायचा आणि घाटात त्याच्या हॉर्नचा आवाज आला की ती चुलीवर तवा टाकायची. भय शिरलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा.

मोटारीचे मालक तात्या वाईचे. त्यांनी मोटारीच्या पाठीमागे माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप बसवून घेतलं. त्यात लोणाऱ्यांनी भाजलेला लाकडी कोळसा पेटवायचा, त्याच्या धुरावर इंजिन चालवायचं. आकाराम कां-कूं करू लागला, तेव्हा तात्यांनी त्याला समजावलं, "पेट्रोल आता विमानांना लागतं, आकाराम. आपल्याला आपलं रान आहे, आपले लोणारी आहेत. पेट्रोलची वाट बघत बसलो तर गाडीत कोंबड्या अंडी घालतील."

पिंप फुटेल, गाडी पेटेल, असं गावात जो तो म्हणे. तरी गाडी सोडा असं तानुबाईला म्हणता येईना. गाडी सुटली की आकाराम पलटणीत ड्रायव्हर म्हणून जाणार, हे ठरलेलंच. थोरला दीर तसाच आफ्रिकेकडे गेला होता. त्याची खबर येणं केव्हाच थांबलं होतं, आणि सासूबाई, राहीबाई, अजून त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवत.

पिंप फुटलं नाही. पण थंडी पडली, मोटारीच्या बाजूचे ताडपत्रीचे पडदे बांधले गेले, आणि आकाराम घरी येऊन डोकं धरून बसू लागला. जेवण पोटात ठरेना. एकदा तर घाटात वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली, असं तो सहज बोलून गेला. तानुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

नवी गाडी बघायला अख्खी पंचक्रोशी लोटली होती. नजर लागली, दुसरं काय असणार! तिन्हीसांजेला तिनं दार लावून घेतलं, खिडकीत पोतं कोंबलं. मोटारीच्याच कोळशाचा विस्तव घमेल्यात फुलवला आणि मीठ-मोहऱ्या-मिरच्या खाटेवर पडलेल्या आकारामवरून ओवाळून त्यात टाकल्या. ठसका काही उठेना. म्हणजे नजर जबर. तिनं आणखी कोळसा घातला, घमेलं खाटेखाली सारलं आणि त्याच्या पायाशी बसून राहिली.

थोड्या वेळानं तिच्याच कपाळात घण बसू लागले. मळमळून आलं. उठायला गेली तर पाय जागेवर नव्हते. आकाराम भिंतीकडं तोंड करून पडलेला. तिनं हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

देवळातून परतलेल्या राहीबाईंनी दार ढकललं, कडी वाजवली, मग खांद्यानं धक्के देऊन कडीच उचकटली. वारा आत आला तशी तानुबाई सावरली, आणि दोघींनी मिळून त्याला ओढत अंगणात आणलं. गार वारा लागल्यावर बऱ्याच वेळानं तो ओकला आणि त्यानं पाणी मागितलं. राहीबाई म्हणाल्या, बाहेरची बाधा हाय, मांत्रिक आणा. तानुबाईला ते पटलं नाही. त्याला जे रोज होत होतं तेच आज तिला झालं होतं, आणि तिच्यावर तर कुणी नजर टाकली नव्हती. घरात कोंडला होता तो फक्त विस्तव. पडदे बांधलेल्या मोटारीतही पिंपातल्या विस्तवाचा धूर असाच कोंडत होता.

दोन दिवस त्याला निजवून ती त्याच्याबरोबर वाईला गेली. तात्यांना म्हणाली, "कोळसा ऱ्हाऊ द्या, पर पडदं काढा."

तात्या कानाची पाळी चोळत राहिले. गाडीतून फेरी मारली की त्यांचंही डोकं हल्ली दुखायचं, पण पाचगणीला जाणारी शाळेची पोरं थंडीत काकडली तर पालक बोलतील, एवढंच त्यांच्या तोंडून आलं. "बघू," म्हणाले.

तिनं बघण्याची वाट पाहिली नाही. चाकावर पाय देऊन एकेक गाठ सोडत गेली. उतारू कुरकुरले. एकजण आकारामला म्हणाला, "चढाला गाडी ढकलायला बायकू आणलीस व्हय रं?" सगळे हसले. तात्या हसले नाहीत, आणि अडवायलाही आले नाहीत. पडदे टपावर टाकून ती आकारामच्या शेजारी बसली. घाट तिनं आजवर पायीच चढला होता.

बोचरा वारा आत घुसला. पसरणी मागं पडली, इंजिन धापा टाकू लागलं. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काहीच नाही. तिनं खाली पाहिलं नाही, ती आकारामच्या पापण्या मिटत तर नाहीत ना, हे पाहत होती. पडदे काढले खरे, पण तेवढ्यानं भागेल का, हे तिला कुठं ठाऊक होतं?

"आवं, बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"कायबी बोला. पर गप बसू नगा."

मग त्यानं कोळशाला शिव्या घातल्या, गिअरला घातल्या, तात्यांना घातल्या, शेवटी तिलाही घातल्या. त्या तिनं कान देऊन ऐकल्या. वळणावर तो जरा थांबला की तिचा हात त्याच्या दंडावर जाई, आणि नवी शिवी आली की मगच खाली येई.