आत्याला काही आठवत नाही

इंग्लंडमधल्या सहा वर्षांत मी एकच ऑपेरा पाहिला. कसा होता असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. लोकांना वाटतं, मला कंटाळा आला असणार. तसं नाही. ऑपेरा चांगला होता. मी वाईट वागलो, आणि ते मी बायकोलासुद्धा आजवर पूर्ण सांगितलेलं नाही.

दोन हजारनंतरची ती वर्षं. पुण्याच्या कंपनीने मला लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं आणि तिथला मॅनेजर मला त्यांच्याकडेच कायम घ्यायचं म्हणत होता. म्हणत होता, एवढंच. कागद काही हातात आला नव्हता. त्यामुळे मी त्याच्यापुढे जरा जास्तच शहाण्यासारखा वागायचो. मला न आवडणारी कॉफी प्यायचो, हवेबद्दल बोलायचो आणि सोमवारी 'वीकेंड कसा गेला' हे त्याच्याआधी विचारायचो. आपण यांच्यातलेच आहोत, फक्त पत्ता चुकून पुण्याचा लागला होता, असं काहीतरी मला त्याला पटवायचं होतं.

त्या उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे आली होती. नुकतीच आम्हाला मुलगी झाली होती आणि आत्या डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि चार दुपटी घेऊन आली. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्याने. तिने लग्न केलं नाही; एका कारखान्यात ती रशियन दुभाषी होती. रशियाहून यंत्रं यायची, यंत्रांबरोबर इंजिनिअर यायचे आणि दोघांबरोबर जाडजूड मॅन्युअल्स यायची. ती मॅन्युअल्स आत्या इंग्रजीत करायची. त्यातल्या एका इंजिनिअरची म्हातारी आई कॉलनीत राहायला आली होती, तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आत्या कारखाना सुटला की तिच्याकडे जाऊन बसायची. व्हॉल्व्ह आणि बेअरिंगच्या पलीकडचं रशियन आपण त्या म्हातारीकडून शिकलो, असं ती सांगायची.

हे सगळं मी मॅनेजरला मोठ्या फुशारकीने ऐकवलं होतं. त्याला ऑपेराचं वेड. एके दिवशी त्याने विचारलं, लंडनला एक रशियन ऑपेरा लागलाय, सहसा कुणी करत नाही, शनिवारी दुपारचा प्रयोग आहे, माझ्याकडे दोन तिकिटं जास्त आहेत, तुझ्या आत्याला आवडेल का. बोलावणं आत्याला होतं. मी आपला सोबत.

आत्या दोन दिवस हवेत होती. मी ऑफिसातून कथानक छापून आणलं, ते तिने पेन्सिलीने खुणा करत वाचलं. शनिवारी ती इरकली नेसली, वर माझ्या बायकोचं कार्डिगन घातलं आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. त्या शूजकडे पाहून माझ्या मनात जे आलं, तिथूनच खरं तर सुरुवात झाली. मी म्हटलं, चपला घाल ना. ती म्हणाली, लंडनला चालावं लागतं रे, गुडघे माझे आहेत.

थिएटरमध्ये मॅनेजर आणि त्याची बायको आधीच आले होते. दोघांनी आत्याशी हात मिळवले. मॅनेजरने पाठ करून आणलेलं एक रशियन वाक्य म्हणून दाखवलं आणि आत्याने त्याचा एक उच्चार हसत हसत सुधारला. तो खूश झाला. मी मात्र, ती चारचौघांत साहेबाला सुधारते काय, म्हणून अवघडलो. बसताना पलीकडे त्याची बायको, मग तो, मग मी आणि माझ्या डाव्या हाताला आत्या.

पडदा वर गेला आणि समोर ऑफिस. गोष्ट जुन्या रशियन खेड्यातल्या विधवेची आणि तिथल्या एका दारुड्या कारकुनाची, पण नव्या दिग्दर्शकाने ती उचलून एका कंपनीत आणून ठेवली होती. फिरत्या खुर्च्या, गळ्यात ओळखपत्रं घातलेले गावकरी, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. आठवडाभर ज्यातून सुटका नसते तेच शनिवारी पाहायला मी ट्रेनने आलो होतो. आत्याला गंमत वाटली. मंचाच्या वर एका पट्टीवर इंग्रजी भाषांतर उमटायचं, पण आत्या तिकडे बघतच नव्हती. पट्टी वाचून लोक हसायचे त्याच्या क्षणभर आधी ती हसायची. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

मग त्या विधवेचं गाणं आलं. फोटोकॉपी मशीनला टेकून ती त्या कारकुनासाठी गात होती आणि एकच शब्द फिरून फिरून येत होता. झालेयू, झालेयू. पट्टीवर येत होतं, मला तुझी कीव येते. आत्या माझ्या कानाशी वाकली.

"कीव नाही रे," ती कुजबुजली. "माझी ती म्हातारी नवऱ्याबद्दल हाच शब्द वापरायची. त्यांच्या खेड्यात बायका 'प्रेम करते' म्हणतच नाहीत, हेच म्हणतात. माया. ज्याचं दुखणं आपल्याला बघवत नाही त्याच्यावर असते ती."

मी तिला हाताने गप्प केलं. आजूबाजूच्यांना त्रास होतोय, असं मला वाटत होतं. झाला होता कुणाला, मला माहीत नाही.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, ओसरल्या, वाद्यवृंद पुढचं सुरू करणार तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला. "वन्स मोअर!" आणि लगेच पुन्हा, "वन्स मोअर!"

आत्या सांगलीची. लहानपणापासून संगीत नाटकं पाहत वाढलेली. पद रंगलं की प्रेक्षकांतून वन्स मोअर जायचा आणि नट ते पद पुन्हा म्हणायचा, ही तिच्या लेखी प्रेक्षकाची जबाबदारी. शब्द इंग्रजी, पण दाद अस्सल मराठी. इंग्रजांच्या देशात ती कुणालाच कळली नाही. शे-दोनशे माना वळल्या. कुठेतरी हसू फुटलं. मॅनेजरने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे मला आज कळतं. कदाचित त्याला मजाच वाटली असेल. पण मला तेव्हा वाटलं, माझा कागद गेला.

मी त्याच्याकडे झुकलो आणि म्हणालो, "सॉरी. शी गेट्स कन्फ्यूज्ड. हर मेमरी... इट कम्स अँड गोज."

बोललो तेव्हा मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही, इतकं सहज आलं. त्याचा चेहरा बदलला. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला आणि बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. मी डावीकडे पाहिलं. आत्या मंचाकडे बघत होती. जन्मभर रशियनमधून इंग्रजी केलेल्या बाईच्या शेजारी बसून मी तिच्याबद्दल इंग्रजीत बोललो होतो, आणि तिला कळणार नाही असं धरून चाललो होतो. इतका मूर्खपणा मी एरवी कधी केला नाही.

मध्यंतरात मॅनेजरच्या बायकोने सगळ्यांसाठी आइस्क्रीमचे छोटे डबे आणले. आत्याच्या डब्याचं झाकण तिने स्वतः काढलं, झाकणातला चमचा काढून तिच्या हातात दिला आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने सांगितलं की हे आइस्क्रीम आहे, व्हॅनिला. आत्याने थँक यू म्हटलं. मी तिथेच होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी वेळ गेलेली नव्हती.

मॅनेजर प्रोग्रॅमचं पुस्तक चाळत होता. त्या गाण्यात तो एक शब्द सारखा येतो, तो म्हणाला, वर तर कीव म्हणून येतं, पण सूर तसे वाटत नाहीत. मी खास तुझ्या आत्याला विचारणार होतो. मग त्याला माझं बोलणं आठवलं असावं. तो वरमला आणि घाईने म्हणाला, असू दे, काही महत्त्वाचं नाही.

आत्याने चमचा डब्यात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर द्यायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अर्ध्या तासापूर्वी तिचं ते मला मराठीत देऊन झालं होतं. मी तिची नजर टाळून जमिनीकडे पाहिलं.

"आय अ‍ॅम सॉरी," ती मॅनेजरला म्हणाली. "आय डोन्ट रिमेंबर. माय मेमरी, यू सी."

आणि माझ्या हातावर तिने दोनदा थोपटलं.

उरलेला ऑपेरा मी पाहिला नाही, आत्याला पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. विनोदाला हसली नाही. शेवटी सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मी वाजवल्यावर वाजवल्या.

परतीच्या ट्रेनमध्ये बाहेर लख्ख ऊन होतं. मी दोनतीनदा सुरुवात केली, आत्या, मघाशी मी जे... दर वेळी वाक्य अर्धंच सोडलं. शेवटी तीच बोलली. तुझं ते कायमचं काम होईल ना आता, असं तिने विचारलं. मी म्हटलं, होईल. बरं झालं, ती म्हणाली, आणि शूज सैल करून डोळे मिटून बसली. माफी मागायला तासभर होता माझ्याकडे. मी पेपर वाचला.

सोमवारी मॅनेजरने मला त्याच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. मला वाटलं, नोकरीचं असेल. तो त्याच्या आईबद्दल बोलला. शेवटची काही वर्षं ती त्याला ओळखत नव्हती. सांगताना त्याचा आवाज फाटला. अशा माणसांना कुठे मदत मिळते त्याची माहितीपत्रकं त्याने माझ्यासाठी आणून ठेवली होती. मी ती घेतली आणि थँक यू म्हणालो. शरम वाटत होती, पण ती मला खरं बोलायला लावण्याइतकी नव्हती, आणि हे कळल्याची शरम आणखी निराळी. दीड महिन्याने मला कागद मिळाला.

तोवर आत्या पुण्याला परतली होती. दर रविवारी फोन व्हायचा. नातीचे दात, तिचा खोकला, इकडच्या भाज्यांचे भाव. त्या दुपारचा विषय तिने कधी काढला नाही. एका रविवारी बोलणं संपत आलं असताना तिने सहज विचारलं, ते तुझे साहेब विचारतात का रे कधी माझ्याबद्दल?

मी म्हटलं, विचारतात. जवळजवळ दर आठवड्याला.



"मग बरी आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "फार बरी आहे असं नको सांगू."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं.