लागलं तर सगळे परत

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. आज मुलांना अर्नाळ्याच्या बाजूला नेलं होतं, ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांवरचे जीव दाखवायला.

बसमध्येच दम दिला, "एकालाही लागलं तर सगळे तिथूनच परत. कळलं?" मुलांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, सेफ्टीचं काम झालं!

आणि मुलं वागलीही गुणी. खेकडे शोधले, फोटो काढले, कोणी पाण्याकडे पळालं नाही. तुळिंजहून येणाऱ्या रियाला मात्र मैत्रिणी सारख्या चिकटून होत्या. म्हटलं, असेल गट्टी.

परत बसमध्ये चढताना रियाच्या ट्रॅकपँटवर रक्त दिसलं. ती खडकावर घसरली होती आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पोटरी कापली होती. पँटच्या आत, जखमेवर मैत्रिणीचा स्कार्फ करकचून बांधलेला.

"कधी लागलं गं?"

"सुरुवातीलाच, मॅडम."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप गेली असती ना."

सगळ्या वर्गाला माहीत होतं. फक्त मला नव्हतं, आणि फर्स्ट एड बॉक्स माझ्याच खांद्यावर होता.

वाटेत दवाखान्यात टाके घातले. आता ती घरी आहे, बरी आहे. पण साप चावला असता तरी यांनी असंच लपवलं असतं का, हे डोक्यातून जात नाहीये.

तुमच्या घरातली मुलं लागलं की लगेच सांगतात, की आधी तुमचा चेहरा बघतात?