भुरीच्या तोंडाशी कुणी नव्हतं

लाकडाच्या वखारीला लागून नालबंदाचं दुकान होतं. लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे तिरपागड्या. नाव ठेवायला कारणही तसंच होतं. चावणारा, लाथाडणारा, दोघातिघांना दाव्याला लोंबकळायला लावणारा घोडा आला की हा खूश. म्हणायचा, आणा इकडे, याच्याशी आपलं जमतं. आणि एखादा गाडीवान कौतुकानं म्हणाला की मिस्त्री, आमचं जनावर म्हणजे निव्वळ गाय, जागचं हलायचं नाही, की याचा चेहरा उतरायचा. हातोडी खाली ठेवून तो सांगायचा, दुसरीकडे न्या. फारच गळ घातली तर एक अट असे. घोड्याच्या तोंडाशी माणूस उभा राहील, आणि तो नालबंदाच्या हाताकडे नाही, घोड्याच्या डोळ्यांकडे बघेल. गाडीवान आपसात हसत. गरीब घोड्याला धरायला माणूस कशाला, याचा स्क्रू ढिला झालाय.

युद्धाआधी तो असा नव्हता. तेव्हा त्याला गरीब घोडेच आवडत, आणि सगळ्यात जास्त आवडे ती त्याच्या ताईची भुरी.

ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी. नवरा गेल्यावर तिनं रडत बसायचं सोडून नवऱ्याची दुधाची गाडी चालवायला घेतली. भुरी त्या गाडीची घोडी, राखाडी, रुंद पाठीची, दिसायला काही खास नाही. पण सगळी दारं तिला पाठ होती. ताई किटली घेऊन खाली उतरली की ही आपण होऊन पुढच्या दाराशी जाऊन थांबायची आणि ताई येईपर्यंत तिथून हलायची नाही. नालबंदीला खरं तर दोन माणसं लागतात. एक खाली वाकून पाय धरतो, दुसरा तोंड धरून कान आणि डोळे बघतो. भुरीला हा एकटाच नाल ठोकायचा आणि वर टेंभा मिरवायचा, "माझ्या भुरीला दुसरा माणूस लागत नाही."

युद्ध लागलं तेव्हा सैन्याची माणसं गल्लीगल्लीतून घोडे घेऊन गेली. भुरीही गेली. नालबंदही पाठोपाठ भरती झाला, आणि ओळखीपाळखी लावून भुरी होती त्याच पथकात गेला. निघताना ताईनं त्याच्या हातात भाकरतुकडा दिला आणि म्हणाली, "तिला घेऊन ये. एकटा आलास तर दार उघडणार नाही." हसत म्हणाली होती, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं, हे त्याला समजलं.

पथकात घोड्यांना तोफांची सवय लावायची असे. सुरुवातीला नुसते पत्र्याचे डबे बडवायचे, मग हवेत बार काढायचे, मग अगदी जवळ. घोडे उधळत, फेस गाळत. भुरीला हे शिक्षण त्यानं स्वतः दिलं. मानेवर तळहात ठेवून तो म्हणायचा, "उभी राहा, बाई." आवाज झाला की ती थरथरायची, पण पाय हलवायची नाही. मग बक्षीस म्हणून साखरेचा खडा. काही दिवसांनी थरथरणंही थांबलं. कानाशी बार काढला तरी ती उभी ती उभीच. अधिकाऱ्यांनी बाकीच्यांना तिचं उदाहरण दिलं. नालबंदाची छाती फुगली. आपण तिला काय शिकवलं, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

पथक आघाडीवर गेलं. एका सकाळी माघारीचा हुकूम आला. तोफा जवळ आल्या होत्या, जखमींच्या गाड्या भरायच्या होत्या, आणि भुरीच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल सैल झाला होता. घोड्यांची तोंडं धरणारी माणसं स्ट्रेचर उचलायला गेली होती. नालबंदानं कुणाला हाकही मारली नाही. भुरीला माणूस लागत नाही, हे त्यानंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

खुराची कड नखासारखी मेलेली असते, तिथे खिळा दुखत नाही. आत जिवंत मांस असतं. खिळा कुठे चाललाय हे नालबंदाला दोन गोष्टी सांगतात. कडेतून जाणारा खिळा टणटण वाजतो, मांसाकडे वळला की आवाज बसतो. आणि घोडा पाय हिसकतो. त्या सकाळी तोफांपुढे हातोडीचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येत नव्हता. आणि भुरीनं पाय हिसकला नाही. त्यानं खिळ्यांची बाहेर आलेली टोकं वळवली, कानस फिरवली, आणि तिला गाडीला जुंपलं.

वाटेत एक पूल होता आणि तोफांचा नेम पुलावर होता. पुढच्या गाडीचे घोडे बिथरले आणि गाडीसकट नदीत गेले. भुरीचा जोडीदार, एक उमदा तांबडा घोडा, पुलाच्या मध्यावर जुंपलेल्या जागीच कोसळला. नालबंदानं चाकूनं त्याचे पट्टे कापले. भुरी त्या सगळ्या धुरात मान खाली घालून उभी होती. जोडीनं ओढायची गाडी, जखमींनी भरलेली, तिनं एकटीनं पलीकडे नेली. तिथे गाडी रिकामी झाल्यावर तिला त्याच पुलावर परत वळवलं. मेलेल्या सोबत्यावरून जायला कुठलाच घोडा तयार होत नाही. नालबंदानं मानेवर हात ठेवला आणि ती गेली. दुसऱ्यांदा गाडी भरून आणली, तेव्हा शिपाई तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावत होते. एकदाही ती लंगडली नव्हती.

लंगडली ती नंतर. पाय गरम झाला, सुजला, मग तिला तो टेकवेनाच. पुलावरचे दगड लागले असणार, असं सगळे म्हणाले. नालबंदही म्हणाला. माघार चालूच होती, आणि चालता न येणारा घोडा शत्रूच्या हाती सोडायचा नाही असा कडक हुकूम होता. घोड्यांचा डॉक्टर पिस्तूल घेऊन आला. चांगला माणूस होता, त्यालाही वाईट वाटत होतं. त्यानं नालबंदाला तिचं तोंड धरायला सांगितलं.

नालबंद आयुष्यात पहिल्यांदाच भुरीचं तोंड धरून उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याच्या तोंडून सवयीचंच निघालं, "उभी राहा, बाई." आणि ती उभी राहिली.

काम एवढ्यावर संपत नव्हतं. सैन्यातल्या प्रत्येक घोड्याच्या खुरावर नंबर डागलेला असे. घोडा मेला तर तो खूर तोडून आणून दाखवायचा, नाहीतर परस्पर विकला असा संशय. ते कामही नालबंदाचंच. भुरीचा नंबर पुढच्या डाव्या खुरावर होता. खूर हातात आल्यावर त्यानं नाल उपटला, आणि एका खिळ्याच्या भोकातून काळा पू ओघळला. खिळा सरळ मांसात गेला होता. तो खिळा पायात घेऊन तिनं पुलावर दोन खेपा केल्या होत्या.

युद्ध संपल्यावर तो घरी आला. ताईनं दार उघडलं. तिनं त्याच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाणी आणून दिलं. त्यानं एवढंच सांगितलं की तोफेचा गोळा लागला.

हे असंच झाकलं गेलं असतं. पण काही महिन्यांनी कुबड्या घेतलेला एक शिपाई पत्ता काढत आला. भुरीनं दुसऱ्या खेपेला आणलेल्यांपैकी तो एक. ताईच्या उंबऱ्यावर बसून तो पुलाची हकिगत सांगू लागला, शेजारीपाजारी जमले. "माई, माणसं पळाली हो," तो म्हणाला. "पण तुमची घोडी हलली नाही. तिला भीती ठाऊकच नव्हती." ताईची मान ताठ झाली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर तेज आलं होतं. नालबंद दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. ते कौतुक त्याला आगीसारखं पोळत होतं. शिपाई गेला, माणसं पांगली, तसं त्यानं ताईला सगळं सांगितलं. खिळा, पू, पिस्तूल, सगळं. म्हणाला, "तिला भीती ठाऊक होती, ताई. दुखतही होतं. न सांगायला मी शिकवलं."

ताईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तिनं कान तरी हलवला असेल," ती म्हणाली.

"असेल. बघायला तोंडाशी कुणी नव्हतं."

त्यानंतर ताईनं भांडण काढलं नाही. त्याचं जेवण रोज झाकून ठेवलेलं असे. पण बोलणं कामापुरतं राहिलं. दुधाची गाडी ती काही वर्षं हातानं ढकलत होती, पाठीत वाकली तरी ढकलत होती. मग तिनं एक तरुण घोडी घेतली आणि भाऊ दारात बसलेला असताना, त्याच्या नाकासमोरून तिला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या नालबंदाकडे नेऊ लागली. गल्लीला ते दिसत होतं. त्याला तर दिसतच होतं. बरोबर आहे तिचं, असं त्याला वाटायचं, आणि ते वाटणंच सगळ्यात वाईट होतं.

एके दिवशी ताई त्या घोडीला घेऊन त्याच्या दुकानाशी थांबली. घोडी शांत उभी होती. नालबंद हातोडी ठेवून उठला आणि म्हणाला, "ही गरीब आहे. मी नाही करत."

"त्या दुसऱ्यानं मागच्या खेपेला हिच्या मांसात खिळा घातला," ताई म्हणाली. "हिनं पाय झाडला, त्याला पार भिंतीवर फेकला. त्यानं खिळा लगेच काढला, वर मीठपाण्यानं धुतलं. चार दिवसांत बरी." ती थांबली. "चांगला कसबी आहे तो. खिळा कुणाचाही चुकतो."

ताईनं पदर खोचला, घोडीच्या तोंडाशी गेली आणि लगाम धरला.

"तू ठोक. मी हिच्या डोळ्यांकडे बघते."

तो वाकला. पाय मांडीवर घेतला. पहिला खिळा लावला. एक घाव घालून तो थांबला आणि वर न बघता त्यानं विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही म्हणत. ठोक."

दुसऱ्या घावालाही त्यानं विचारलं. प्रत्येक घावाला विचारलं, आणि ताईनं प्रत्येक वेळी बघून सांगितलं.